शापाच्या डोंगरावरची नोकरी

निवृत्त माणसांनी आपल्या नोकरीबद्दल लिहावं आणि तरुणांनी ते वाचून जांभया द्याव्यात, असा दिवाळी अंकांचा रिवाज आहे. माझं वय अजून तिशीच्या आसपास घोटाळतंय, पेन्शन नाही, आणि ज्या नोकरीबद्दल लिहितोय ती मी अडीच वर्षांत सोडली. तरी लिहितो. कारण त्या नोकरीत मला एक काम असं करावं लागलं, जे साऱ्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणी पगार घेऊन केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. एका टेकडीवर उभं राहून मी मोठ्या आवाजात, ओळीनं, आधी सराव करून लोकांना शाप दिले.

नोकरी मुनशीची होती. परदेशातून आलेल्या पाद्र्यांना मराठी शिकवतो तो मुनशी.

ती मला मिळाली हाच एक विनोद. वाशीमला आमच्या वडिलांचा भाजीचा मळा. घरात पोथी एक नव्हती, पण पत्र्याची पेटी भरून पत्रकं होती. भटजीवाचून लग्नं लावणारी मंडळी गावोगाव वाटायची, ती. मी अक्षरं जुळवायला शिकलो ते श्राद्धाचा लाडू पितरांपर्यंत कोणत्या टपालानं जातो, असल्या मथळ्यांवर. त्यामुळे पाद्र्याच्या बंगल्यावर मुनशी हवा आहे असं कळून मी निघालो, तेव्हा वडील वाफ्यातून मान वर न करता म्हणाले, "एका देवळातून काढला तुले, तं दुसऱ्यात शिरून राह्यला का रे?"

पहिल्या दिवशीच मी साहेबांना सांगून टाकलं, "मी शिकवीन सगळं, मानणार काही नाही." साहेब ताडमाड उंच, चष्मेवाले, लाजरे. त्यांनी 'मानणे' हा शब्द वहीत लिहून घेतला आणि त्याची सगळी रूपं विचारली. आमचा करार झाला तो असा.

हा धंदा बाहेरून सोपा वाटतो. आपल्याला मराठी येते, समोरच्याला येत नाही, मग अडचण काय? अडचण अशी की आपल्याला मराठी येते ती चालता येतं तशी. पाऊल कसं टाकता असं कुणी विचारलं की आपण धडपडतो. शिवाय या धंद्याची एक जुनी रीत होती. नव्या साहेबाला पहिल्या आठवड्यात हुकूम शिकवायचे: पाणी आण, घोडा बांध, चूप बस. माणसांशी बोलणं नंतर. मी ही रीत मोडली. स्वयंपाक्यालाही 'आपण' म्हणायचं, असं मी साहेबांना पहिल्याच धड्यात बजावलं आणि जगात थोडी समता आणल्याच्या आनंदात घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकी रहीमभाई मला फाटकातच आडवे आले. चेहरा उतरलेला.

"मास्तर, सायेब मले काढून राह्यले का?"

"काहून?"

"सकाळी म्हनले, आपण कृपया पाणी आणाल का. इतकी इज्जत मानसाले काढतानीच भेटते."

समता आणायची तर आधी रहीमभाईंना विचारायला हवं होतं, हे मी तेव्हा मान्य केलं नाही. आज करतो.

दवाखान्याच्या मिसबाई माझ्या दुसऱ्या विद्यार्थिनी. त्या पुस्तकातून काहीच शिकल्या नाहीत, सगळं खाटेवरच्या बाया-माणसांकडून शिकल्या. त्यांच्या तोंडून 'दुखून राह्यलं का वं माय' ऐकलं की ताप निम्मा उतरावा. पण दोन वर्षांनी भाषेची परीक्षा असते, परीक्षक पुण्याकडचे, आणि त्यांच्यापुढे बाईंनी पहिल्याच वाक्यात 'मले' म्हटलं. नापास. मी परीक्षकांना पाच पानी निषेध पाठवला. त्यांनी तो शुद्धलेखन सुधारून परत केला.

आता शापांकडे येतो.

त्याच परीक्षेसाठी साहेबांना एक प्रवचन मराठीत रचून म्हणून दाखवायचं होतं. इतर पाद्री सोपा विषय घेतात. आमच्या साहेबांनी घेतला एबाल. एबाल हा यहुद्यांच्या जुन्या शास्त्रातला एक डोंगर. तुम्ही सिनायचं नाव ऐकलं असेल; सिनाय म्हणजे त्या शास्त्रातलं अकोला म्हणा, कचेऱ्या, हुकूम सगळे तिथून. एबाल म्हणजे आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या बाजूची, गुराख्यालाही नाव आठवायला डोकं खाजवावं लागेल अशी टेकडी. तिच्या समोर दुसरी टेकडी, गरिजीम. मधे दरी. देवाचा हुकूम असा, की त्यानं दिलेल्या देशात शिरल्यावर बारा घराण्यांच्या लोकांनी इथं यावं. सहा घराण्यांनी गरिजीमवर आशीर्वादासाठी उभं राहावं, सहांनी एबालवर शापासाठी. मग पुरोहितांनी एकेक शाप मोठ्यानं उच्चारावा आणि प्रत्येक शापाला साऱ्या लोकांनी 'आमेन' म्हणावं. आमेन म्हणजे, असंच होवो. ज्याच्यावर शाप पडायचा त्यानंही आपल्याच तोंडानं म्हणायचं. ही युक्ती मला आवडली. आपल्याकडे शाप एकटा ऋषी देतो, आणि तोही स्वतःच्या रागापायी.

पण मी पत्रकांवर वाढलेला. विचारलं, "साहेब, शापाच्या डोंगरावर कोणती सहा घराणी?"

साहेबांनी वाचून दाखवलं. त्यांच्या मूळपुरुषाला दोन बायका आणि दोन दासी. दासींच्या पोटची चारही घराणी शापाच्या डोंगरावर; जोडीला बापाच्या मनातून उतरलेल्या थोरल्याचं घराणं आणि आणखी एक.

मी उसळलो. "म्हणजे तिथंही गावकूस आहेच! लग्नाच्या बायकांची पोरं आशीर्वादाला, दासींची शापाला. हे सांगायला तुम्ही सात समुद्र ओलांडून आलात? हे आमच्याकडे फुकट मिळतं."

साहेब लाल झाले. पण ते प्रामाणिक होते. म्हणाले, "याचा मी विचार केलेला नव्हता." दोन दिवस धडा झाला नाही. तिसऱ्या दिवशी पुस्तक उघडून बोट ठेवूनच बसले होते. "आपण पुढचे ऐकलेच नाही. देवाची वेदी कोणत्या डोंगरावर बांधायची? शापाच्या. चुन्याने सारवलेल्या दगडांवर सारा कायदा लिहून ते दगड कुठे उभारायचे? शापाच्या डोंगरावर. आशीर्वादाच्या डोंगरावर काहीच नाही."

दासीच्या पोरांच्या पायाशी कायदा आणि वेदी, आणि लग्नाच्या पोरांनी दरीपलीकडून बघत राहायचं! पुढे कळलं की यावरूनही त्या देशात भांडण आहे. दुसऱ्या पक्षाच्या पोथीत वेदी गरिजीमवर आहे. ज्यांचा डोंगर त्यांची वेदी. पंडे सगळीकडे सारखेच.

साहेबांना आणखी एक शंका छळत होती. एका टेकडीवरचा आवाज दुसरीवर पोचेल का? हे करून पाहिल्याशिवाय प्रवचनात सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. हिवाळ्यात आमचा तंबू मालेगावच्या बाजूच्या एका गावी होता. गावाबाहेर नाल्याच्या दोन्ही अंगांना दोन टेकड्या, अगदी एकमेकींकडे तोंड करून. साहेब घड्याळ घेऊन एकीवर चढले, मला दुसरीवर चढवलं. काहीही ओरडा म्हणाले. मी श्राद्धाच्या लाडवाचं पत्रक पाठ म्हणून दाखवलं. तासाभरात अर्धं गाव नाल्यात जमा.

पाटील आले. धिप्पाड, हसरा, सगळ्यांत पुढं असायची हौस. सगळी हकीकत ऐकून म्हणाले, "मंग असं एकट्यानं काय बोंबलता मास्तर? अख्खं गाव उभं करतो दोनी टेकड्यांवर. शाप कोनते कोनते हायेत?"

मी सांगितले. चोरून मूर्ती करून पूजणारा, हा पहिला.

"त्याचं भेव नाई," पाटील म्हणाले, "आमी तं उघडच पूजतो."

दुसरा, आईबापाचा अपमान करणारा. तिसरा, शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरकवणारा. पुढचे काही बायांदेखत ओरडण्यासारखे नव्हते. ते गाळायचे असं मी आणि साहेबांनी खाली मान घालून आधीच ठरवलं होतं. पाटलांचं लक्ष मात्र दुसऱ्यापासूनच उडालं होतं. "आशीर्वादाच्या टेकडीवर आमी," ते म्हणाले. "वेदीले दगड लागन न? गाडीभर धाडतो."

राहिली शापाची टेकडी. तिच्यावर उभं राहायला कोण तयार होणार? त्या दुपारी तंबूशी एक म्हातारा आला. दुरूनच जोहार घातला. मी त्यांना चटईवर बसा म्हटलं; ते चटईच्या कडेला टेकले. हे कोंडाजी. महारवाड्यातले. गावाच्या आणि वावरांच्या हद्दी दाखवण्याचं काम त्यांच्याकडे बापापासून चालत आलेलं. दोघांचं धुऱ्यावरून भांडण पेटलं की कोंडाजींना बोलावायचं. ते वादाच्या वावरातलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचे आणि मागं न बघता, न बोलता चालत जायचे. ते चालले ती हद्द. ढेकूळ डोक्यावर असताना खोटं चालला तर चालणाऱ्याचा वंश बुडतो, अशी समजूत. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या पायांवर सारा गाव विश्वास ठेवत होता.

"त्या शापात धुऱ्याचा शाप हाये म्हनता," कोंडाजी म्हणाले. "कितवा?"

"तिसरा."

"मंग आमी येतो. शापाच्या टेकडीवर येतो."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं वावर पाटलाच्या वावराला लागून. त्यात त्यांनी आणि त्यांच्या मुलानं दोन उन्हाळे खणून विहीर काढली. मुलगा पुढं तापानं गेला. महारवाड्याला पाणी तेवढंच. चार वर्षांपूर्वी पाटलानं नांगरता नांगरता धुरा खाल्ला आणि एक दिवस काट्याची वई विहिरीच्या अलीकडून घातली. विहीर पाटलाच्या वावरात गेली. तेव्हापासून बाया नाल्यातल्या वाळूत झिरे उकरून वाटीनं पाणी भरतात.

"तुम्ही ढेकूळ घेऊन चालला नाहीत?"

"चालतो म्हनलो. पाटील म्हने, ज्याचं वावर त्यानंच चालावं असं कुठं असते का? पटवाऱ्याकडं गेलो. तो म्हने, नकाशात दगड हाये, मंग जागेवर दगड दाखव. मोजणीवाल्यानं ठोकलेला दगड होता जी, छिन्नीनं फुली कोरलेला. तो तं एका रातीतून गेला."

मी जागेवरच एक जळजळीत पत्रक मनात लिहून काढलं. कोंडाजी फक्त एवढंच म्हणाले, "तिसरा शाप नीट खणखणीत म्हना, मास्तर."

ठरल्या दिवशी टेकड्या माणसांनी भरल्या. समोर पाटील, त्यांची म्हातारी आई, सगळी बडी घरं. इकडे महारवाडा, दोनचार मांग, आणि गंमत बघायला आलेली पोरं. साहेब आमच्याकडे, वेदीपाशी. पाटलाचा गडी नारायण गाडी घेऊन आला आणि दगड उतरवू लागला. साहेब चष्मा पुसून एकेक दगड हातानं चाचपू लागले. शास्त्रात सक्त ताकीद आहे: वेदीच्या दगडाला लोखंड लागलेलं चालत नाही, घडवलेला दगड बाटलेला. साहेब दगड फिरवून फिरवून बघत, ठीक आहे म्हणत, पुढचा घेत. एका लांबट दगडावर ते थांबले.

"हा चालणार नाही. यावर छिन्नी चाललेली आहे." आणि त्यांनी तो सर्वांना दिसेल असा बाजूला उभा केला. वर फुली.

महारवाड्यातले सगळे दगडाकडं वळले. मी नारायणला विचारलं, "हा कुठून आणला?"

नारायण सरळ माणूस. "गोठ्यातून जी. बैलाच्या पायाखाली चिखल होते म्हनून म्याच बसवला होता, चार सालं झाले. आज पाटील म्हनले, दिसंल तो दगड भर."

मी ओरडायला तोंड उघडलं. कोंडाजी दगडाजवळ जाऊन बसले होते. हात वर करून म्हणाले, "थांबा मास्तर. तिसरा येऊ द्या."

साहेबांना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी घड्याळ काढून मला खूण केली. मी पहिला शाप ओरडलो. दोन्ही टेकड्या गरजल्या, "असंच होवो!" पाटील सगळ्यांहून मोठ्यानं. दुसरा ओरडलो, आईबापाचा. पलीकडे पाटलाच्या आईनं लेकाकडं तोंड करून असं काही 'होवो' म्हटलं की आमची टेकडी हसली.

मग तिसरा. शेजाऱ्याची हद्द जो सरकवतो, तो शापित असो.

आमच्या टेकडीनं "असंच होवो" म्हटलं, ओरडून नाही, अगदी सावकाश. समोरून आवाज नाही. फुलीचा दगड उन्हात उभा. तो तिकडून स्वच्छ दिसत होता.

साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "आवाज पोचलेला दिसत नाही. कृपया पुन्हा."

मी पुन्हा ओरडलो. गप्प.

"वाऱ्याची दिशा असेल. आणखी एकदा."

तिसऱ्यांदा माझा घसा फाटला. पाटील पायाखालची माती बघत होते. होवो म्हणावं तर स्वतःला शाप, न म्हणावं तर कबुली. आणि पाटलानं म्हटल्याशिवाय त्या टेकडीवरचा एकही माणूस तोंड उघडेना. तेवढ्यात म्हातारीचा आवाज नाला ओलांडून आला, माझ्याहून खणखणीत.

"पोट्ट्या, म्हन न! नाईतं दगड ठेव जागेवर. माह्या नातवाइच्या डोस्क्यावर कायले ठेवून राह्यला? दोनातलं एक कर!"

पाटलांनी मान वर केली. मग हाक मारली, "नारायण! तो दगड चुकून आला वाटते गाडीत. जिथला तिथं नेऊन ठोक."

"पाटलांनी स्वतः न्यावा!" मी टेकडीवरून गरजलो. "ज्यानं नेला त्यानं डोक्यावर आणावा!"

कोंडाजींनी माझ्याकडं असं पाहिलं की मी उरलेले शब्द गिळले. "मले विहीर पाह्यजे मास्तर," ते हळूच म्हणाले. "पाटलाचं डोस्कं घेऊन काय करू?"

नारायणनं दगड खांद्यावर घेतला. कोंडाजी पुढं, टेकडीखालच्या वावराकडं चालले. समोरच्या टेकडीवरून कुणीतरी विचारलं, "कोंड्या, ढेकूळ नाई घेत?" त्यांनी मागं पाहिलं नाही. अख्खं गाव दोन्ही टेकड्यांवरून त्यांचे पाय बघत होतं. विहिरीच्या पलीकडे आठ पावलांवर ते थांबले. नारायणनं दगड टेकवला. तेव्हा कुठं समोरून पाटलांचा आवाज आला, "असंच होवो." त्यांच्या मागोमाग साऱ्या टेकडीनं म्हटलं. साहेबांनी वहीत लिहिलं: तिसऱ्या वेळी आवाज पोचला.

सारं समजल्यावर साहेब रात्रभर अस्वस्थ होते. परीक्षेत ते पास झाले. मी विचारलं, दगडाचं सांगितलंत का? "सांगितले," ते म्हणाले, "परीक्षकांना ते विषयाला सोडून वाटले." विषयाला सोडून! माझ्या मते तेवढाच विषय होता. शास्त्रानं पाटलाचं मन पालटलं असं मी मानत नाही. घडवलेला दगड नको म्हणणाऱ्या एका हट्टी माणसामुळे आणि दिसेल तो दगड भरणाऱ्या एका साध्या माणसामुळे ते झालं. आणि म्हातारीमुळे. तरी कधी कुणी त्या शास्त्रातल्या मोठ्या डोंगरांची थोरवी सांगू लागलं की मला वाटतं, उगाच सांगतो. तिथं हुकूम सुटले असतील. ते सगळ्यांच्या तोंडून वदवून घेतले ते या क्षुल्लक टेकडीवर.

मी नोकरी सोडली त्या पत्रकापायी. साहेब म्हणाले, मिशनच्या पगारावर असताना पाटलाविरुद्ध छापता येणार नाही. मी म्हटलं, मग पगार नको. पत्रक तयार होतं: पाटलाचं नाव, गावाचं नाव, मथळा 'विहीरचोर पाटलाचा पराभव'. छापण्याआधी कोंडाजींना वाचून दाखवायला गेलो. ते विहिरीवरच होते. वई दगडापलीकडे गेली होती. बाया पाणी भरून नेत होत्या. मी उभं राहून, हातवारे करून सगळं वाचलं.

कोंडाजींनी शेवटपर्यंत ऐकलं. "लय जोरदार हाये," ते म्हणाले. "त्यातून पाटलाचं नाव काढा."

"काहून?"

"गावात ठरलं हाये, दगड चुकून आला. पाटील बी म्हनते चुकून आला, आमी बी म्हनतो चुकून आला. मालेगावच्या बाजारात लोकं हे वाचून त्याले हसले, तं तो दुसऱ्या दिवशी दगड उपटते. गावाचं नाव बी काढा."

"तुमचं?"

"माहं राहू द्या. कोंडाजी गावोगाव पडले हायेत. अन् तो पराभव का काय म्हनले, तो बी काढा."

मी कागद खाली घेतला. माझ्या पिंडाला हे मानवणारं नव्हतं. ज्यानं चार वर्षं बायांना वाळू उकरायला लावली, त्याची अब्रू झाकायची? मी चिडून म्हणालो, "पाटील काढला, गाव काढलं, पराभव काढला. मग यात राहिलं काय?"

"विहीर राह्यली न," कोंडाजी म्हणाले, आणि त्यांनी पोहरा आत सोडला.